राउटिंगचे नियम नक्की ठरवतं कोण? (सहा आकडी एएस नंबरवाल्याची व्यथा)

तापीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. चोपडा-यावल पट्ट्यात छोटंसं इंटरनेट चालवतो. आधी केबलचा धंदा होता, वडिलांनी छतावर डिश लावली तेव्हापासूनचा, आता सगळं फायबर. दोन वर्षं झाली स्वतःचा एएस नंबर घेऊन, म्हणजे जगाच्या नकाशावर आपलंही नेटवर्क स्वतःच्या नावाने दिसतं, तेव्हा घरी पेढे वाटले होते (बायकोने विचारलं कशाचे, सांगता आलं नाही).

तर झालंय असं की मुंबईला एका एक्सचेंजवर (नेटवर्कं एकमेकांना जोडतात ती जागा) पोर्ट घेतलंय. तिथे राउट सर्व्हर असतो, आपले रूट (आपल्या पत्त्यांपर्यंत यायचे रस्ते) एकदा त्याला दिले की तो बाकी सगळ्यांना वाटतो. त्यातलाच एक पिअर आहे, म्हणजे तिथे जोडलेलं दुसरं नेटवर्क, आपल्यासारखाच छोटा माणूस, पण त्याचं पोर्ट संध्याकाळी ७ वाजले की भरून जातं. आता आमच्याकडच्या एका पतसंस्थेची शाखा माझ्या लाईनवर आणि मुख्य ऑफिस नेमकं त्या पिअरच्या लाईनवर. संध्याकाळी कॅश टॅली करायच्या वेळी सॉफ्टवेअर लटकतं, आणि फोन मला. त्याचे येणारे रूट मी माझ्याकडे अडवू शकतो पण माझे रूट त्याच्याकडे जाऊ नयेत हे राउट सर्व्हरलाच सांगावं लागतं. कसं सांगायचं? रूटला एक खूण चिकटवायची, तिला कम्युनिटी म्हणतात. एक्सचेंजच्या कागदात लिहिलंय, ०, मग दोन टिंबं, मग ज्याला द्यायचं नाही त्याचा एएस नंबर. टाकला. राउटर म्हणतो चुकीची किंमत. चार वेळा टाकला. शेवटी हेल्पडेस्कला फोन, तर तो पोरगा शांतपणे म्हणतो, "सर, कम्युनिटीत ६५५३५ च्या वर आकडा बसत नाही, स्टँडर्डच तसं आहे." त्या पिअरचा नंबर सहा आकडी, माझाही सहा आकडी. म्हणजे आम्ही नवीन आलो ही आमची चूक का भो?

हे स्टँडर्ड बनवतं कोण? कुठे बसतात हे लोक? त्यांना फोन लागतो का?

शेवभाजी_अनलिमिटेड

फोन लागला तर माझ्या स्पीडचंही विचार.

जंक्शन_भुसावळ

मी रेल्वेत सिग्नल ॲण्ड टेलिकॉममध्ये ३४ वर्षं काढली, आता रिटायर. आमच्याकडे प्रश्नच नव्हता. लखनौला आरडीएसओ, तिथून ड्रॉइंग येणार, स्पेसिफिकेशन येणार, त्याच्या बाहेर एक वायर हलवायची नाही. इंटरनेटचंही असंच कुठेतरी हेड ऑफिस असणार, अमेरिकेत वगैरे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

राउटरवाली

काका, गंमत हीच आहे की लखनौ नाहीये.

मी मूळ धुळ्याची, पुण्यात राउटर बनवणाऱ्या कंपनीत बीजीपीच्या (नेटवर्कं एकमेकांना रूट सांगतात तो प्रोटोकॉल) टीममध्ये आहे, म्हणून लांबलचक लिहिते, सहन करा.

हे ठरतं आयईटीएफमध्ये (इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स). जानेवारी १९८६ मध्ये सॅन दिएगोला २१ जण जमले तिथून ती सुरू झाली. तिला मेंबरशिप नाही. फी भरून सभासद, देशाचा प्रतिनिधी, कंपनीचं मत, असलं काही नाही. मेलिंग लिस्टला नाव नोंदवलं की तुम्ही आत. उद्या सकाळी तापीकाठ दादांनी मेल टाकला तर ते जितके आयईटीएफ, तितकाच तीस वर्षं तिथे असलेला माणूस. निदान नियमाने तरी. कामं वाटलेली असतात वर्किंग ग्रुपमध्ये. बीजीपीचं काम आयडीआर नावाच्या ग्रुपमध्ये चालतं. ओएसपीएफ आणि आयएस-आयएस या (नेटवर्कच्या आतले रस्ते ठरवणाऱ्या) दोन भावकीतल्या प्रोटोकॉलचे आधी वेगवेगळे ग्रुप होते, २०१८ मध्ये एकाच चुलीवर आणले. प्रत्येक ग्रुपला एक चार्टर असतं, म्हणजे तुम्ही एवढंच करायचं, बाकीच्यात नाक खुपसायचं नाही, आणि काम झालं की ग्रुप बंद.

आता दादा, तुमचा आकडा. बीजीपीत एएस नंबर आधी १६ बिटचा होता, म्हणून ६५५३५ ही कमाल. आयईटीएफचा कागद प्रसिद्ध झाला की त्याला आरएफसी म्हणतात. कम्युनिटीचा आरएफसी १९९६ चा, नंबर १९९७ (योगायोग), त्यात दोन खण, प्रत्येक १६ बिटचा. तेव्हा ते पुरेसं होतं. मग नंबर संपत येणार हे दिसलं, २००७ मध्ये ३२ बिटचे एएस नंबर आले. रस्ता रुंद केला पण कम्युनिटीची मोरी तेवढीच राहिली. मधे एक्स्टेंडेड कम्युनिटी म्हणून प्रकार काढला, त्यात एक मोठा नंबर बसतो, दोन मोठे नाही बसत. आणि तुमच्यासारख्याला दोन लागतात, सांगणारा कोण आणि कोणाबद्दल.

यावरचा उपाय २०१७ पासून आहे! लार्ज कम्युनिटी. आरएफसी ८०९२. तीन खण, प्रत्येक ३२ बिटचा. हेल्पडेस्कवाल्या पोराने अर्धंच सांगितलं. राउट सर्व्हरवर बहुतेक असेलच, तुमच्या राउटरचं व्हर्जन बघा.

तापीकाठ

ताई व्हर्जन जुनं आहे. फार जुनं. चालतंय तर हात कशाला लावा म्हणून.

पण मग मला हे सांगा, २००७ मध्ये मोठे नंबर दिले आणि २०१७ मध्ये खूण दिली, मधली दहा वर्षं काय करत होते? आमच्या भाऊबंदकीत विहिरीचा वाद एवढा चालला नाही.

राउटरवाली

हाहा, रास्त प्रश्न. मधे एक भला मोठा प्रस्ताव होता, वाइड कम्युनिटी नावाचा. त्यात सगळंच करायचं होतं, अटी काय, अपवाद काय, कोणासाठी काय. वर्षानुवर्षं ड्राफ्ट पुढे सरकत राहिला. आयईटीएफमधला ड्राफ्ट सहा महिन्यांत मुदत संपून मरतो, मग नवीन आवृत्ती टाकून परत जिवंत करायचा, तसं चाललं होतं. २०१६ मध्ये काही लोक, त्यात जॉब स्नायडर्स हे एनटीटीचं नेटवर्क चालवणारे गृहस्थ फार पुढे होते, म्हणाले की बाबांनो आम्हाला विमान नको, सायकल द्या. तीन आकडे, बस. आणि मुद्दाम त्यात आणखी काही घालू दिलं नाही. कोणी म्हणालं जरा एक खण वाढवू, कोणी म्हणालं एक झेंडा ठेवू भविष्यासाठी, सगळ्यांना नाही म्हटलं. नेटवर्क चालवणारे लोक, जे एरवी या लिस्टवर फिरकत पण नाहीत, ते मेल टाकायला लागले की आम्हाला हे हवंय, आज हवंय. साधारण सहा महिन्यांत आरएफसी. आयईटीएफच्या मानाने हे म्हणजे राजधानी एक्स्प्रेस.

त्यातला एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. बीजीपीत प्रत्येक नव्या गोष्टीला एक नंबर लागतो, तो नंबरांची वही सांभाळणारी आयाना ही संस्था देते. लार्ज कम्युनिटीला ३० नंबर दिला. चाचणी म्हणून एक रूट त्या खुणेसकट खऱ्या इंटरनेटवर सोडला, तर काही ठिकाणाहून तो पत्ता पोचेचना. शोधलं तर एका कंपनीच्या राउटरमध्ये ३० हा नंबर आधीच वापरात! न विचारता, वहीत न नोंदवता. सरकारी जागेवर टपरी टाकतात तसं. मग अजून खोदलं तर ३१ वर पण टपरी, १२९ वर, २४१ ते २४३ वर. शेवटी ३२ घेतला आणि बाकीचे नंबर वापरू नका असा वेगळा आरएफसी काढावा लागला, ८०९३.

शेवभाजी_अनलिमिटेड

अतिक्रमण हटाव मोहीम नाही राबवली का?

राउटरवाली

नाही, टपरी नियमित केली आणि स्वतः पुढच्या गाळ्यात गेले. जगभरातले राउटर कोण जाऊन बदलणार.

प्रश्नचिन्ह

नंदुरबारहून. सगळं गोड वाटतंय वाचायला, पण मतदान नाही, सभासद नाही, मग निर्णय होतो कसा? माझा अनुभव असा की जिथे मतदान नाही तिथे ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं. आणि तिथे येणारे सगळे मोठ्या कंपन्यांचे पगारी लोकच ना? ताई तुम्ही पण पगारीच.

राउटरवाली

हो, मी पगारी. लपवत नाही. लिस्टवर सतत लिहिणाऱ्यांमध्ये राउटर कंपन्या आणि मोठी नेटवर्कं यांचीच माणसं जास्त, कारण त्यांनाच वेळ मिळतो. प्रत्येक जण म्हणतो मी व्यक्ती म्हणून बोलतोय, पण पगार कोण देतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. पेटंट असेल तर जाहीर करायचं बंधन आहे, त्याने थोडं उघड्यावर येतं.

निर्णयाचं म्हणाल तर १९९२ मध्ये एमआयटीच्या डेव्हिड क्लार्क यांनी एका भाषणात म्हटलं होतं की राजे, अध्यक्ष आणि मतदान आम्हाला मान्य नाही, ढोबळ सहमती आणि चालणारा कोड यावर आमचा विश्वास. तेच अजून चालतं. सभेत हात वर करून मोजायचं नाही, गुणगुणायला सांगायचं, ही जुनी रीत. खरंच. अध्यक्ष म्हणतो, हा ड्राफ्ट घ्यावा वाटणाऱ्यांनी हम्म करा. मग, नको वाटणाऱ्यांनी हम्म करा. तोंड मिटून, म्हणजे कोणी केलं ते कळत नाही, मोजता येत नाही, नुसता अंदाज. आता ऑनलाइनवालेही असतात म्हणून बहुतेक वेळा बटणच असतं, त्यात हम्मची मजा गेली. आणि तो अंदाजही शेवटचा शब्द नाही, निर्णय लिस्टवरच पक्का होतो, कारण सभेला सगळे येऊ शकत नाहीत.

२०१४ च्या एका आरएफसीत (७२८२) तर लिहिलंय की पाच जण बाजूने आणि शंभर विरोधात असले तरी ढोबळ सहमती असू शकते. कारण प्रश्न किती जणांचा नाही, मुद्दा काय आहे याचा. एकट्याने जरी म्हटलं की यात लूप होईल (डेटा गोल गोल फिरत राहील), तर ते खरं की खोटं ते तपासून उत्तर द्यावं लागतं, नुसतं "बाकी सगळे तयार आहेत" चालत नाही. उलट शंभर जण एकाच कंपनीतून येऊन "मला पण नको" म्हणाले आणि कारण एकच, ज्याचं उत्तर देऊन झालंय, तर ते शंभर म्हणजे एकच.

मोठ्या आवाजावर उपाय मात्र अध्यक्षाच्या पाठीच्या कण्यावर अवलंबून. कधी असतो कधी नसतो.

पांझराकाठचा

साक्री तालुका. हे सगळं वाचून आजोबांची फड बागायत आठवली. नवीन पोरांना माहीत नसेल, आपल्या पांझरा नदीवर शेकडो वर्षांपासून छोटे बंधारे, त्यातून पाट, पाटाखालचं रान फडांमध्ये वाटलेलं. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. कोणाचं शेत किती मोठं ते बघत नसत, या फडात यंदा ऊस म्हणजे ऊस. सरकारने बनवलेली पद्धत नाही, शेतकऱ्यांनीच बसून ठरवलेली, आणि टिकली कशामुळे तर ठरवणारा आणि पाणी घेणारा माणूस एकच.

पण एक फरक दिसतोय ताई. फडाला पाटकरी होता. पाणी कोणाला कधी सोडायचं ते तोच बघणार, मधेच कोणी दार फोडलं तर त्याची खैर नाही. तुमच्या आयईटीएफला पाटकरी कोण? कागद काढला आणि एखाद्याने पाळलाच नाही तर?

राउटरवाली

पाटकरी नाही दादा. अगदी बोट ठेवलंत. तिथले लोक स्वतःच म्हणतात की आम्ही प्रोटोकॉलचे पोलीस नाही. आरएफसी कोणावर बंधनकारक नसतो. पाळला नाही तर शेजाऱ्याच्या राउटरशी बोलता येणार नाही, एवढाच धाक.

म्हणूनच राउटिंगमध्ये एक जास्तीची अट लावतात. आयडीआर ग्रुपमध्ये ड्राफ्ट पुढे पाठवायच्या आधी निदान दोन वेगवेगळ्या लोकांनी तो स्वतंत्रपणे कोडमध्ये उतरवलेला हवा. १९९१ मध्येच राउटिंगसाठी असा नियम लिहिला होता, तो पुढे रद्द झाला तरी आयडीआरने सवय सोडली नाही. मी यातलं एक काम केलंय म्हणून सांगते, कागद वाचताना सगळं स्पष्ट वाटतं आणि कोड लिहायला बसलं की दुसऱ्या परिच्छेदातच अडतं. लांबी शून्य आली तर? तीच खूण दोनदा आली तर? कागद गप्प. मग मेल टाकायचा, मग त्यावर दहा उत्तरं, मग पुढच्या आवृत्तीत एक ओळ वाढते. त्या ओळीत मस्ट लिहायचं की शुड, यावर आठवडा जातो. हे शब्द तिथे कॅपिटलमध्ये लिहितात आणि त्यांचा अर्थ १९९७ च्या एका आरएफसीत ठरवून दिलाय. मस्ट म्हणजे पर्यायच नाही, शुड म्हणजे करच, पण खरंच कारण असेल तर सूट. माझ्या मते निम्मी भांडणं शुडमुळे होतात.

तापीकाठ

म्हणजे रावेरच्या केळीच्या भावासारखं. बोर्डावर एक भाव, बांधावर व्यापारी देतो दुसरा. तुम्ही आधी बांधावर विकून बघता आणि मग बोर्डावर लिहिता.

शेवभाजी_अनलिमिटेड

केळीवाले येऊ द्या यात, धागा १०० पार.

जंक्शन_भुसावळ

या बीजीपीचा जन्म कसा झाला ते कोणी सांगेल का? मी नातवाच्या मदतीने वाचलं की हॉटेलातल्या कागदी रुमालावर लिहिला होता. हे खरं का थाप?

राउटरवाली

खरं आहे काका. जानेवारी १९८९, टेक्सासमधलं ऑस्टिन, आयईटीएफचीच सभा. जेवायच्या सुट्टीत आयबीएमचे याकोव्ह रेख्टर आणि सिस्कोचे कर्क लॉहीड बसले आणि नॅपकिनवर आराखडा काढला. जूनमध्ये त्याचा आरएफसी ११०५ आला. आज चालतो तो चौथा बीजीपी, १९९४-९५ चा, आणि सध्याचा मूळ कागद जानेवारी २००६ चा, ४२७१.

शेवभाजी_अनलिमिटेड

आमच्या शेवभाजीच्या हॉटेलात लिहिला असता तर तर्रीमुळे अर्धा प्रोटोकॉल वाचताच आला नसता.

राउटरवाली

हसताय, पण घाईत राहून गेलेल्या गोष्टी अजून निस्तरतोय. मुख्य म्हणजे कोणी काहीही सांगितलं तर विश्वास ठेवायचा, हे. २४ फेब्रुवारी २००८ आठवतं? पाकिस्तानात यूट्यूब बंद करायचं होतं म्हणून तिथल्या टेलिकॉमने यूट्यूबच्या पत्त्यांचा एक तुकडा आपल्याकडे आहे असं आतल्या आत जाहीर केलं, ते बाहेर निसटलं, वरच्या प्रोव्हायडरने गाळलं नाही, आणि साधारण दोन तास जगाचं यूट्यूब तिकडे वळलं. लहान तुकडा मोठ्या तुकड्याला हरवतो हा राउटिंगचा नियमच आहे.

यावर काम करणारा ग्रुप सायडर नावाचा. तेव्हा आधीपासून चालू होता. आराखडा २०१२ ला, आलेला रूट तपासायचा नियम (६८११) जानेवारी २०१३ ला. तुम्ही पत्त्यांचे मालक म्हणून सही करून ठेवता की हा पत्ता अमुक एएसच जाहीर करेल, त्याला रोआ म्हणतात. मग संपूर्ण रस्त्याची सही तपासणारं बीजीपीसेक, ते २०१७ ला कागदावर पूर्ण झालं, आणि चालवतंय जवळपास कोणीच नाही. राउटरवर बोजा फार, आणि मधल्या सगळ्यांनी चालवल्याशिवाय उपयोग कमी. ग्रुपने वर्षानुवर्षं खपून केलेलं काम असं पडून राहतं, याचं वाईट वाटतं. तापीकाठ दादा, तुमचा रोआ आहे ना?

तापीकाठ

आहे. एकदा हात भाजलेत. मला /२३ मिळालंय (पत्त्यांचा एक तुकडा), रोआ /२३ चाच केला, आणि मग दोन लाईनवर वाटायला दोन /२४ (त्याचेच दोन अर्धे) जाहीर केले. अर्ध्या साइट चालू, अर्ध्या बंद. लोक म्हणे व्हॉट्सॲप चालतं, बँकेचं ॲप नाही. रात्री दीडपर्यंत केबल बदलत बसलो, चूक निघाली माझ्याच रोआत, त्यात /२४ बसतच नव्हते. प्रत्येक /२४ चा वेगळा रोआ केला तेव्हा झोपलो.

प्रश्नचिन्ह

बरं, समजा मला बोलायचंय. इंग्रजी बेताचं, अमेरिकेला जायला पैसे नाहीत. उपयोग काय या मोकळ्या दाराचा?

राउटरवाली

वर्षाला तीन सभा असतात, ऑनलाइन बसता येतं, आणि फी परवडत नसेल तर माफ होते. मार्च २०२४ ची ब्रिस्बेनला होती, म्हणजे आपल्याकडे पहाटे पाचच्या सुमारास सुरुवात. मी तेव्हा धुळ्याला घरी होते. अंधारात ओट्याशेजारी लॅपटॉप ठेवून बसले, आई उठली, म्हणे एवढ्या पहाटे कोणाशी भांडतेस. मी रांगेत हात वर करून बसलेली, नंबर आला, नाव सांगितलं, एकच वाक्य बोलले की या परिच्छेदातली दोन वाक्यं एकमेकांच्या विरोधात आहेत, आणि कुकरची शिट्टी झाली. सगळ्या जगाला ऐकू गेली. लेखक म्हणाला, बरोबर आहे, लिस्टवर पाठव. पाठवलं. पुढच्या आवृत्तीत वाक्य बदललं.

इंग्रजी सगळ्यांचंच बेताचं असतं तिथे. वेळेचा आणि चिकाटीचा अडसर खरा आहे, तो मी नाकारत नाही.

तापीकाठ

अपडेट. काल रात्री अडीचला राउटर अपग्रेड केला. वीस मिनिटं छातीत धडधड, एक सेशन उठलंच नाही, फिल्टरची भाषाच बदललीये नवीन व्हर्जनमध्ये, परत लिहावे लागले. पण मग तीन खणांची कम्युनिटी टाकली: राउट सर्व्हरचा नंबर, ०, पिअरचा नंबर. घेतली! एक्सचेंजच्या लुकिंग ग्लासवर (राउट सर्व्हरला काय दिसतं ते दाखवणारं पान) पाहिलं, खूण चिकटलेली दिसते. आज संध्याकाळी साडेसातला पतसंस्थेचा मॅनेजर स्वतः फोन करून म्हणाला, भाऊ आज लवकर घरी चाललो. मी म्हटलं, चांगलं शे. बाकी काय सांगणार त्याला.

पांझराकाठचा

भलतंच भारी शे भो!

जंक्शन_भुसावळ

अभिनंदन. मी चार दिवस हेच वाचतोय, रिकामाच आहे. राउटरवाली ताई, एक शंका. २०१७ चा एक कागद वाचला, ८२१२. त्यात म्हटलंय की शेजाऱ्याशी काय घ्यायचं द्यायचं याची पॉलिसी लिहिलीच नसेल तर रूट घ्यायचेही नाहीत, द्यायचेही नाहीत. हे मला पटलं. सिग्नलची वायर तुटली तर सिग्नल लाल झाला पाहिजे, हे आमच्या रक्तात आहे. पण मग तुमच्या त्या रोआत उलटं का? ज्याचा रोआच नाही तो रूट सगळे घेतात, आणि तपासणारी मशीन बंद पडली तरी रूट चालूच. वायर तुटल्यावर हिरवा! हे कोणी विचारलं नाही का?

राउटरवाली

विचारलंय काका, आणि उत्तरही आहे. सगळ्यांचे रोआ झालेले नसताना लाल केला तर निम्मं इंटरनेट थांबेल, आणि एक मशीन पडली म्हणून अख्खं नेटवर्क बंद करायला कोणी तयार नाही. पण मशीन बंद पडल्यावर किती वेळ हिरवा ठेवायचा, यावर लोकांची मतं अजून वेगवेगळी आहेत. सायडरचं चालवण्याचं काम आता सायडरऑप्स नावाच्या ग्रुपकडे आहे. हे तिथे विचारा. सिग्नलवाल्या माणसाने विचारलेलं त्यांना आवडेल.

जंक्शन_भुसावळ

माझं इंग्रजी रेल्वेचं आहे. "विथ रेफरन्स टू द अबव्ह" वालं.

राउटरवाली

चालतं. फक्त "काइंडली डू द नीडफुल" लिहू नका.

जंक्शन_भुसावळ

ठीक. आज रात्री मसुदा करतो, तुला पाठवतो, एकदा नजर टाक. आणि ते शुड कुठे कॅपिटल करायचं तेही सांग.